हौद्याची दोरी

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. पहाटे धुकं, नऊनंतर कडक ऊन.

"...आणि वस्ताद, जोर झाल्या झाल्या प्यायची, का अंग निवल्यावर?"

रणधीर मगदूमच्या हातात प्रोटीन पावडरचा नवा डबा होता. कोल्हापुरातून एसटीनं येताना त्यानं तो मांडीवरून खाली ठेवला नव्हता. शिवरात्रीची जत्रा तोंडावर आलेली. शेवटची कुस्ती त्याची, खटावच्या यशराजशी. याच यशराजनं गेल्या वर्षी त्याला अख्ख्या गावासमोर चीत केलं होतं.

बाबालाल वस्तादांनी डबा उघडून वास घेतला.

"कशाची म्हणायची ही?"

"दुधाचीच, वस्ताद."

"मग पी की."

रणधीर वाद घालायच्या तयारीनं आला होता. सगळी उत्तरं पाठ होती, ती आता वाया गेली. त्या आनंदात त्यानं बाकीचंही सांगून टाकलं. पहाटे तो सगळ्यांबरोबर मेहनत करायचा. दुपारी पोरं लवंडली की एकटाच पुन्हा जोर मारायचा. संध्याकाळची लढत झाली की वर बैठका. रविवारची सुट्टीसुद्धा त्यानं सोडली होती. तरी पहिला डबा संपला आणि दंड होता तेवढाच राहिला. उलट काल वजनानं हलक्या सुकुमारनं त्याला ढाक मारून पाडलं. तालमीनं ते हसण्यावारी नेलं, पण रणधीर रात्री जेवला नाही.

"म्हणून हा भारीतला आणलाय. आता दोनदा घेणार. आणि मेहनतबी वाढवणार."

वस्तादांनी झाकण लावून डबा त्याच्या हातात परत दिला.

त्याच दिवशी तालमीतल्या कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीला खुराक द्यायचा होता. जत्रेआधी तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस कालवायचा, हे काम रणधीरचं. त्यानं ते जीव ओतून केलं. फावड्यानं माती वरखाली केली, खडे वेचले, हात फिरवून सारखी केली. मग हौद्याभोवती दोरी बांधली.

तेवढ्यात सुकुमार लंगोट कसून आला आणि दोरी ओलांडायला त्यानं पाय उचलला.

"ए शहाण्या, मागं हो. आत्ता खुराक दिलाय तिला. लगेच तुडवलीस तर नुसती ढेकळं होतील. ताकबी गेलं आणि मातीबी गेली."

"मग खेळायचं कधी?"

"सोमवारी."

"तवर ती काय करती?"

हे वस्तादांनी विचारलं. ते मागं येऊन कधी उभे राहिले, कुणाला कळलं नव्हतं.

रणधीरला हसू आलं. "काय करणार, वस्ताद? पडून राहती. त्यातच तर तयार होती."

...

वस्तादांनी खुंटीवरची उरलेली दोरी काढली. रणधीरच्या दंडाला धरून त्याला आत खोलीत नेलं आणि बाजेवर आडवं केलं. मग बाजेभोवती दोरी फिरवली आणि गाठ मारली. डबा उशाशी ठेवला.

"वस्ताद, जत्रा आली की."

"म्हणून तर."

"पण नुसतं पडून..."

वस्तादांनी दारातून सुकुमारला हाक मारली.

"ह्याच्यावर लक्ष ठेव. दूध, जेवण, ती पावडर, सगळं जागेवर दे. सोमवारपर्यंत दोरी कुणी ओलांडायची नाही."

सुकुमार आनंदानं दारातच मांडी घालून बसला.

२६ फेब्रुवारी, बुधवार. दिवसभर ऊन, संध्याकाळी वारा. शेवटची कुस्ती: रणधीर मगदूम विजयी. चौथ्या मिनिटाला, घिस्सा डावावर, चीतपट.

पोरांनी खांद्यावर घेतलेला रणधीर उडी मारून खाली उतरला आणि हलगीच्या कडकडाटातून वाट काढत वस्तादांकडं धावला. पाठीला मातीचा कण नव्हता. पाया पडतानाच त्यानं विचारलं, उद्या पहाटे किती जोर मारू.

वस्तादांनी त्याचे खांदे चाचपून बघितले.

"दोरी कुठं ठेवलीस?"