शेवंता हसली नाही

एका राज्यात, जिथे डोंगर पहाटे आळोखेपिळोखे देत आणि कारंजी येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करीत, एक मंत्रशाळा होती. तिथली रीत अशी, की जे कोणी युवराज असतील ते हसले की सगळ्यांनी हसायचं. आताचे युवराज होते दुर्जय. न हसणं म्हणजे राजघराण्याचा अपमान! कोण्या दुखावलेल्या मांत्रिकानं या रीतीला शाप दिला होता. ज्याला सारे मिळून हसतील तो पक्षी होऊ लागेल, आणि तिसऱ्या हसण्याला पुरता पक्षी होईल. शाप सगळ्यांना ठाऊक होता. तरी रीत कुणी मोडेना.

कुंतला शाळेत नवी. बोलताना अडखळायची. समई पेटवण्याचा मंत्र म्हणायला उभी राहिली, ती "दी... दी..." वरच थांबली. युवराज हसले, शाळा हसली, आणि कुंतलेच्या हातांचे पंख झाले.

ती आचार्य भद्रमुखांकडे गेली. आचार्य म्हणाले, "पोरं आहेत, हसायचीच. तू मनावर घेऊ नकोस."

दुसऱ्या हसण्याला पायांचे पंजे झाले. ती राणीसाहेबांकडे गेली. "जीव तुटतो गं बाळ," राणीसाहेब म्हणाल्या, "पण रीत कशी मोडायची?" कळवळा खरा होता, पण त्याचा उपयोग काय?

अंगणातल्या जास्वंदीवर एक म्हातारी मैना असे. ती म्हणाली, "मुली, एक जण जरी हसला नाही तरी शाप तुटतो. माझ्या वेळी तो एक भेटला नाही."

कुंतलेनं हे शेजारी बसणाऱ्या शेवंताला सांगितलं. शेवंता दोन्ही वेळा हसली होती. मान खाली घालून ती म्हणाली, "मला भीती वाटते." भीती कुंतलेलाही वाटत होती.

तिसऱ्यांदा कुंतला अडखळली. युवराज हसले, शाळा हसू लागली. तिच्या गळ्यावर पिसं फुटली.

तेवढ्यात शेवंता उठली. "युवराज, क्षमा असावी. मला हसू येत नाही. ही माझी मैत्रीण आहे."

हसणं विरलं. युवराज थोडा वेळ एकटेच हसले, मग त्यांना स्वतःचं हसणं ऐकू आलं आणि ते ओशाळून गप्प झाले.

कुंतलेची पिसं गळून पडली. बाहेर जास्वंदीखाली पांढऱ्या केसांची एक बाई उभी होती. आचार्यांनी तिला ओळखलं. ती लहानपणी त्यांच्याच वर्गात शिकत होती, आणि तेव्हा तिला तेही हसले होते. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले, मग कुंतलेपुढे. "मीच आधी उठायला हवं होतं," ते म्हणाले. राणीसाहेबांनी त्याच दिवशी ती रीत मोडीत काढली.

कुंतलेनं परत आलेल्या बोटांनी पहिल्यांदा शेवंताचा हात धरला. "तू नसतीस तर..." एवढंच म्हणाली आणि पोटभर रडली. मग डोळे पुसून पुन्हा मंत्राला उभी राहिली. "दी... दी..." कुणी हसलं नाही, कुणी घाईनं शब्द पुरवला नाही. सारे थांबले, युवराजही. सावकाश मंत्र पुरा झाला आणि समई पेटली.

कुंतलेला जशी शेवंता भेटली, तशी तुमच्याआमच्या लेकरांना भेटो.