येसूची ओळ

१२ मार्च. सकाळी गार वारा, दहानंतर कडक ऊन, आभाळ निरभ्र.

पुरंदरच्या पठारावर टिळेकरांची अंजिराची बाग आहे. पाटीभर अंजीर घ्यायला आलेला प्रत्येक जण एकच गोष्ट विचारतो. सगळ्या बागेत फळे लगडलेली असताना पश्चिमेच्या बांधाकडची बारा झाडे नुसती पानांनी का गच्च आहेत? घरातल्या थोरल्या हौसाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, तेव्हा हातातली पाटी खाली ठेवतात. आम्हालाही त्यांनी सावलीत बसवून सांगितले.

पाच पिढ्यांमागे रखमाजी टिळेकरांनी या माळावर अंजिराचे फाटे, म्हणजे फांद्यांचे तुकडे, लावले, असे सांगतात. मोटेचे पाणी, खडकाळ रान. अंजिराला बहार धरायचा तर भाद्रपदात पाणी तोडावे लागते. झाड पाने गाळते, उपाशी राहते, मग छाटणी करून पाणी दिले की फळ धरते. याला ताण देणे म्हणतात. हे घरात सर्वांना ठाऊक होते, म्हणून नव्या सुनेला कोणी सांगितलेच नाही.

सून येसू नीरेच्या काठची. तिने तहानलेले झाड कधी पाहिले नव्हते. त्या भाद्रपदात घरची मंडळी चार दिवस जेजुरीला गेली. गुरे सांभाळायला येसू एकटी मागे राहिली. पिवळी पाने टपटप गळताना पाहून तिला वाटले, बाग मेली. तीन दिवस तिने विहिरीवरून घागरी वाहिल्या. विहिरीजवळची पश्चिमेची ओळ तेवढी भिजवून झाली.

सासू परतली तो झाडांची आळी ओली. "काय गं, तुझ्या माहेरी झाडं नदीत पोहत्यात का?"

"मरायला लागली होती, आत्याबाई."

"मरत नव्हती. निजली होती. तू उठवलीस."

झाले तसेच. छाटणीनंतर बाकी बागेने फळ धरले, त्या ओळीने नुसता पाला. पौषात रखमाजी कुऱ्हाड घेऊन बांधावर गेले. फुकट पाणी पिणारी झाडे ते ठेवणार नव्हते, आणि सुनेलाही माहेरी धाडायचे म्हणत होते. येसू झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"मामंजी, पाणी तोडायचं असतं हे मला कुणी सांगितलं होतं? पाडव्यापर्यंत थांबा. या ओळीचं पाणी मी डोक्यावरून आणीन, तुमच्या मोटेचा थेंब घेणार नाही. फळ नाहीच धरलं तर पाडव्याला कुऱ्हाड मीच आणून देते अन् माहेरची वाट धरते."

सासऱ्यांनी कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि माघारी आले. येसू रोज पहाटे घागरी वाही. म्हणे तिच्या डोक्याला चुंबळीचा वळ पडला होता.

फाल्गुनात, फळ पाडाला आले असताना, दुपारी पश्चिमेकडून काळे आभाळ उठले. वाऱ्यासोबत तिरप्या गारा आल्या, लिंबाएवढ्या. शेजारच्या बागांत फांदीवर फळ राहिले नाही. टिळेकरांच्या पश्चिमेच्या ओळीने सगळा मार अंगावर घेतला. पानांच्या चिंध्या झाल्या, साली सोलून निघाल्या. तिच्या आडोशाला असलेल्या दोन ओळींची फळे जशीच्या तशी राहिली.

पाडव्याला येसूने गाठोडे बांधले आणि कुऱ्हाड सासऱ्यांपुढे ठेवली. रखमाजींनी ती उचलून आढ्याला खोचली. म्हणाले, "माहेरी जायचं तर जा. पण आठ दिवसांत ये. ओळ वाळंल."

 हौसाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा मोट होती, तिची कुरकुर आणि त्यांच्या सासऱ्यांची मोटेवरची गाणी बांधापर्यंत ऐकू यायची. आता ठिबक आहे. येसूच्या हातची झाडे केव्हाच गेली. प्रत्येक पिढीने जुन्या झाडाचा फाटा त्याच खड्ड्यात लावला.

आजही भाद्रपदात बागेचे पाणी तुटते, तेव्हा या बारा झाडांचे तुटत नाही. त्यांना ठिबकची नळी जोडलेली नाही, घरची सून घागरीने पाणी घालते. आणि नवी सून बागेत पाऊल टाकण्याआधी सासू तिला बांधावर बसवून ताण म्हणजे काय ते समजावते. गेल्या वर्षी आलेल्या प्रणालीला हौसाबाईंच्या सुनेने दोनदा समजावले.

आज सकाळी बागेतून सव्वीस पाट्या निघाल्या. पश्चिमेच्या ओळीतून तीन अंजीर.