ठकूच्या खांद्यावरचं खुराडं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी की तेव्हा कातळवण्याला गाडीवाट नव्हती, आणि नदी ओलांडायची तर लोक धोतर डोक्याला गुंडाळून ओलांडत. त्या कातळवण्यात ठकूबाई होऊन गेली. आजही तिथल्या माणसाला विचारा, तो आधी हसेल आणि मग सांगेल. आम्हीही अशीच ऐकली.

ठकू नदीपलीकडच्या गावची. सोमाशी तिचं लग्न झालं आणि वरात दारात आली. माप ओलांडायला तिने उजवा पाय उचलला, तेवढ्यात घराच्या पाख्यावरून एक तांबडी कोंबडी उडाली ती थेट नवरीच्या डोक्यावर येऊन बसली. ताशे थांबले. बायकांनी पदर तोंडाला लावले. सासू साळूबाई केरसुणी शोधायला धावली.

ठकू मात्र हलली नाही. एक पाय वर धरलेला, डोक्यावर कोंबडी. असं म्हणतात, कोंबडी स्वतःच्या मर्जीने उतरेपर्यंत ती तशीच उभी राहिली आणि मग शांतपणे माप ओलांडून आत गेली.

आता अपशकुन धरावा की शुभशकुन, हे कोणालाच सांगता येईना. कावळा डोक्यावर बसला तर काय करायचं हे गावाला ठाऊक होतं. कोंबडीचं शास्त्र कोणी लिहून ठेवलं नव्हतं. शेवटी साळूबाईने मधला मार्ग काढला. महिनाभर सुनेने चुलीकडे आणि देवाकडे फिरकायचं नाही, मागच्या अंगणातल्या कोंबड्या सांभाळायच्या. साळूबाईला ती शिक्षा वाटली. ठकूला तसं वाटलं नाही.

मागच्या अंगणात तिला पहिल्याच दिवशी कळलं की तांबडी एकटी नाही. ती शेणी थापायला वाकली की एक पाठीवर चढे. पाणी भरून उभी राहिली की दुसरी खांद्यावर. ठकूच्या मनात एकच प्रश्न घोळू लागला, या माझ्यावर का बसतात? विचारायला कोणी नव्हतं. मग तिने कोंबड्यांनाच विचारायचं ठरवलं, म्हणजे त्यांच्याकडे बघत राहायचं.

एक दिवस तिने मुठीत तांदळाच्या कण्या घेतल्या, एक दिवस मूठ रिकामी ठेवली. रिकाम्या मुठीच्या दिवशी पिवळी आली नाही, म्हणजे पिवळी कण्यांची. थंडीच्या सकाळी राखी येऊन मानेशी चिकटे आणि ऊन वर आलं की उतरून जाई, म्हणजे राखी उबेची. आवाराच्या कुडाखाली मुंगूस सळसळलं की लहानगी काळी उडून खांद्यावर, म्हणजे काळीला उंची हवी होती. तुरेवाली तर फक्त बाकीच्या बघत असताना चढे आणि वरून सगळ्यांकडे अशी पाही, जशी साळूबाई शेजारणींकडे पाहत असे. एका पिल्लाची आई घारीने नेली होती, ते ठकूने पदरात वाढवलं. ते मोठं होऊनही तिच्या पाठीवर चढे, कारण पिल्लं आईच्या पाठीवर चढतातच.

राहिली तांबडी. तिला ना कण्या हव्या होत्या, ना ऊब. मुंगसाला ती भीत नव्हती. ती यायची, बसायची, डोळे मिटायची. ठकूला तिचं कारण कधीच सापडलं नाही. मग तिने शोधणं सोडून दिलं. काही जणांना आपल्याजवळ नुसतं बसायचं असतं, एवढं तिने स्वतःशी ठरवून टाकलं.

महिना संपला, पण ठकू मागच्या अंगणातून निघाली नाही आणि साळूबाईनेही बोलावलं नाही, कारण अंड्यांची टोपली रोज भरून येऊ लागली होती.

इथे गोष्टीत बाबाजी गावकर येतो. गावचा मानकरी, धिप्पाड, झुपकेदार मिशांचा. त्याचं साधं बोलणंही तीन घरांपलीकडे ऐकू जाई. त्याची बायको वारल्यापासून तो अधिकच मोठ्याने बोलू लागला होता. त्याचं घर ठकूच्या शेजारी. आणि झालं असं, की त्याच्या कोंबड्या एकेक करून कुंपणाखालून ठकूच्या अंगणात जाऊ लागल्या. संध्याकाळी गावकर आपलं खुराडं लावायला जाई तर आत कोणी नसे. पलीकडे बघावं तर शेजारची सून अंगणात बसलेली आणि तिच्या खांद्यांवर, मांडीवर, डोक्यावर त्याच्याच कोंबड्या.

गावात कुजबूज सुरू झाली. चेटूक आहे, म्हणाले. नाहीतर पाखरू माणसावर का बसेल? देवळापुढे बैठक बसली. गावकराने सांगितलं की असली बाई गावात नको, तिला नदीपार माहेरी पोचवावं आणि कोंबड्या ज्याच्या त्याला द्याव्यात. चार डोकी हलली. सोमा फारसा बोलणारा नव्हता. तो उठला आणि म्हणाला, "ती गेली तर मीपण तिकडेच जातो." आणि बसला. त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत लांब भाषण, असं म्हणतात.

हे अंगण सुटलं तर काळी कोणाच्या खांद्यावर उडेल, हाच विचार ठकूच्या मनात आधी आला. मग ती पुढे झाली.

"गावकरबाबा," ती म्हणाली, "मला तीन दिवस द्या. तुमच्यावरपण कोंबडी बसेल. बसली, तर मग सगळ्या गावालाच चेटूक येतं म्हणा."

लोक हसले. गावकराला ते हसू झोंबलं. त्याने पैज घेतली.

पहिल्या दिवशी तो ठकूच्या अंगणात पायलीभर तांदूळ घेऊन आला आणि मुठीमुठीने उधळला. कोंबड्यांनी तांदूळ खाल्ला आणि तोंड पुसायच्या आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याने वेगळीच युक्ती काढली. ठकूचं एक जुनं लुगडं मागून घेतलं, ते नेसला, डोक्यावरून पदर घेतला आणि अंगणाच्या मधोमध उभा राहिला. मिशा मात्र पदरात मावल्या नाहीत. कोंबड्यांनी जो कलकलाट केला तो नदीपलीकडे ऐकू गेला, असं म्हणतात, आणि अख्खं गाव कुंपणाशी जमलं. साळूबाई इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्या हसण्यात ती सुनेचा हात धरून उभी होती. लग्नानंतर पहिल्यांदाच.

तिसऱ्या दिवशी गावकर उतरल्या तोंडाने आला. आता हरलो म्हणून तो मोठ्याने काही बोलणार होता, पण ठकूने त्याला खाली बसायला सांगितलं. नुसतं बसा, म्हणाली. बोलू नका. त्यांच्याकडे बघू नका. हात मांडीवर ठेवा, आणि त्या आल्या तरी धरू नका.

गावकराला गप्प बसायची सवय नव्हती. आधी त्याने घसा खाकरला, मग गुडघा दुखला, मग मिशीला खाज आली. पण पैज ती पैज. ऊन कलंडू लागलं. कुंपणाशी लोक श्वास रोखून उभे. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. घरी गेल्यावर कोणाशी बोलायचं, हा रोजचा प्रश्न त्याच्या डोक्यातून थोडा वेळ निघून गेला.

तेवढ्यात कुडाखाली काहीतरी सळसळलं. लहानगी काळी दचकली, इकडेतिकडे पाहिलं, आणि जे सर्वांत जवळ, उंच आणि न हलणारं होतं त्यावर उडाली. आधी गावकराचा गुडघा, मग खांदा. तिथे ती दोनदा पाय बदलून नीट बसली आणि त्याच्या गालाला पंख टेकवले.

गावकराच्या मिशा थरथरत होत्या. मग तो बोलला, आणि त्याचा आवाज इतका हळू होता की पुढच्या माणसाला ते मागच्याला सांगावं लागलं.

"केवढी गरम असते गं ही."

ठकू हसली. चेटकाचा विषय तिथेच संपला. गावकराने आपल्या कोंबड्या परत मागितल्या नाहीत. तो मात्र रोज संध्याकाळी येऊन बसू लागला.

पुढे ठकूची कीर्ती सात गावांत पोचली. कोणाची कोंबडी बुजली, कोणाची अंडी बंद झाली, की टोपली घेऊन लोक तिच्याकडे येत. ती कोंबडीला काही करत नसे. ती मालकालाच अंगणात बसवून ठेवी. म्हातारपणी तर तिच्या अंगावर इतक्या कोंबड्या असत की एका परक्या वाटसरूने तिला झाड समजून तिच्या सावलीत दुपारची झोप काढली, असं म्हणतात. उठल्यावर झाडाने त्याला पाणी विचारलं, तेव्हा तो बिचारा तीन कोस धावला.

आणि ती गेली त्या दिवशी चार माणसांनी तिला उचललं. अंगणातून निघताना चार कोंबड्या उडाल्या आणि चौघांच्या खांद्यांवर बसल्या. त्या चौघांवर आधी कधी पाखरू बसलं नव्हतं. कोणी हाकललं नाही. कोंबड्या धक्क्याने उडू नयेत म्हणून माणसं इतकी हळू चालली की नदीकाठी पोचायला सकाळची दुपार झाली. त्या वेळात गावाला ठकूच्या सगळ्या गमती आठवून झाल्या आणि लोक रडत रडत हसले.

आजही कातळवण्यात दोघांचं भांडण झालं, बांधावरून असो की बोलण्यावरून, तर त्यांना आधी देवळात नेत नाहीत. ठकूच्या अंगणात नेऊन शेजारी शेजारी बसवतात. हात मांडीवर, तोंड बंद. कोंबडी ज्याच्यावर पहिली बसेल, त्याने आधी बोलायचं, असा तिथला नियम आहे. गावातले जाणते सांगतात की एवढ्या वर्षांत फार थोडी माणसं बोलली. बहुतेकदा कोंबडी येऊन बसेपर्यंत दोघंही तिच्याच वाटेकडे डोळे लावून बसलेली असतात, आणि ती आली की एक जण दुसऱ्याला हळूच सांगतो, हलू नको रे, बसू दे तिला.