भुरकीची तिरकी सांगड

तळं होतं. तळ्याला काठ होता. काठावर भुरकी होती.

भुरकी म्हणजे मांजरीचं पिल्लू. एवढंसं. मुठीत मावेल एवढंसं.

भुरकीच्या आईचा पाय मुरगळला होता. ती कुंपणाच्या सावलीत पडून होती. कालपासून उपाशी होती.

काठाला मासोळ्या नव्हत्या. मासोळ्या होत्या तळ्याच्या मधोमध. आणि मांजराला तर पाणी नको.

मग भुरकीनं काय केलं? सांगड केली. दोन वाळके भोपळे घेतले. मधे बांबूच्या काटक्या ठेवल्या. दोरीनं बांधल्या. भोपळे खाली तरंगतात, भुरकी वर बसते. झाली सांगड.

पण एक गाठ होती सैल. तळ्यात गेल्यावर एक भोपळा सुटला. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. सांडव्यावरून पाण्याबरोबर वाहत पार पलीकडं गेला.

सांगड झाली तिरकी. गर्रगर्र फिरली. भुरकी कशीबशी काठाला लागली. पुढं कुठं, मागं कुठं, तिला काही कळेना. दुसरा भोपळा हवा, एवढं मात्र कळलं.

भुरकी निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू. गेली भोपळ्याच्या वेलीकडं. वेलीच्या शेंड्याला एकच भोपळा होता. चांगला वाळलेला.

“वेलीबाई, वेलीबाई, भोपळा दे.
भोपळा मिळेल, सांगड तरेल.
सांगड तरेल, मासोळी मिळेल.
मासोळी मिळेल, आई जेवेल.”

वेल म्हणाली, “देईन गं. पण ही शेळी माझी पानं ओरबाडते. ती हलली तर देईन.”

भुरकी गोंधळली. भोपळा वेलीचा, मग शेळीशी काय बोलायचं? पण गेली. तुरूतुरू, तुरूतुरू.

“शेळीताई, शेळीताई, जरा हल.
शेळी हलेल, वेल भोपळा देईल.
भोपळा मिळेल, सांगड तरेल.
सांगड तरेल, मासोळी मिळेल.
मासोळी मिळेल, आई जेवेल.”

शेळी कचाकचा चावत होती. चावता चावता म्हणाली, “कडू आहेत गं पानं. पण दुसरं काय खाऊ? बाभळीच्या शेंगा पडल्या तर हलेन.”

भुरकी निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू.

“बाभळीबाई, बाभळीबाई, शेंगा पाड.
शेंगा पडतील, शेळी हलेल.
शेळी हलेल, वेल भोपळा देईल.
भोपळा मिळेल, सांगड तरेल.
सांगड तरेल, मासोळी मिळेल.
मासोळी मिळेल, आई जेवेल.”

बाभूळ म्हणाली, “मला का हात आहेत? म्हशीनं बुंध्याला पाठ घासली की शेंगा पडतात. तिला सांग.”

भुरकी निघाली, ती उलटीच निघाली. फिरून शेळीपुढं आली आणि म्हणाली, पाठ घास. शेळी म्हणाली, “मी शेळी. म्हैस ती, काळी. बाभळीखाली बसलीय ती.”

भुरकी वळली. तुरूतुरू, तुरूतुरू.

“म्हशीआत्या, म्हशीआत्या, पाठ घास.
म्हैस घासेल, शेंगा पडतील.
शेंगा पडतील, शेळी हलेल.
शेळी हलेल, वेल भोपळा देईल.
भोपळा मिळेल, सांगड तरेल.
सांगड तरेल, मासोळी मिळेल.
मासोळी मिळेल, आई जेवेल.”

म्हैस म्हणाली, “खाज सुटली तर घाशीन ना. पाठीवर बगळा बसलाय. एकेक गोचीड वेचून खातोय. खाजच येत नाही. तो उतरला तर घाशीन.”

भुरकीनं मान वर केली. बगळा एका पायावर उभा होता.

“बगळेदादा, बगळेदादा, खाली उतर.
बगळा उतरेल, म्हैस घासेल.
म्हैस घासेल, शेंगा पडतील.
शेंगा पडतील, शेळी हलेल.
शेळी हलेल, वेल भोपळा देईल.
भोपळा मिळेल, सांगड तरेल.
सांगड तरेल, मासोळी मिळेल.
मासोळी मिळेल, आई जेवेल.”

बगळा म्हणाला, इथं बसल्या जागी खायला मिळतं, कोण उतरतो? गवत कापलं की नाकतोडे उडतात. बांधावरच्या हौसामावशीनं गवत कापलं, तर मात्र उतरेन.

भुरकी निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू. मागायचा होता भोपळा, आणि चालली गवताकडं.

हौसामावशी बांधावर होती. गवताचा एक भारा बांधून झाला होता. दुसऱ्या भाऱ्याचं गवत अजून उभं होतं. मावशी पदर झटकत होती, इकडं तिकडं बघत होती.

“हौसामावशी, हौसामावशी, गवत काप.
मावशी कापेल, बगळा उतरेल.
बगळा उतरेल, म्हैस घासेल.
म्हैस घासेल, शेंगा पडतील.
शेंगा पडतील, शेळी हलेल.
शेळी हलेल, वेल भोपळा देईल.
भोपळा मिळेल, सांगड तरेल.
सांगड तरेल, मासोळी मिळेल.
मासोळी मिळेल, आई जेवेल.”

“थांब गं बये,” मावशी म्हणाली. “बगळा कुठं, भोपळा कुठं. आधी माझा विळा सापडू दे. हातात तर होता.”

मग दोघी शोधू लागल्या. विळा दिसतो कसा, भुरकीला कुठं ठाऊक? तिनं दगड हुंगला. मावशीची चप्पल हुंगली. दमली, आणि भाऱ्यावर चढली. पंज्यांनी गवत दाबू लागली.

खुर्र, खुर्र, खट्ट.

भुरकी गोंधळली. गवत कधी खट्ट वाजतं का?

मावशीनं भाऱ्यात हात घातला. आतून आली लाकडी मूठ. मुठीमागं आला विळा.

“घ्या. भाऱ्यातच बांधून ठेवला मी,” मावशी म्हणाली. “आणि शोधतेय सगळ्या रानात.”

मावशी हसली. खाली बसली. मग काय झालं?

मावशीनं गवत कापलं, सपासप.
नाकतोडे उडाले, टणाटण.
बगळा उतरला, फडफड.
म्हशीला खाज सुटली. तिनं पाठ घासली, खर्रखर्र.
शेंगा पडल्या, टपटप.
शेळी हलली, टुकटुक.
वेलीनं भोपळा सोडला, धप्प.

भुरकीनं भोपळा ढकलत ढकलत काठावर आणला. बांधला. बसली.

डुबुक.

सांगड पुन्हा तिरकी. भुरकी रडवेली झाली. आता तर दोन भोपळे आहेत, तरी तिरकी कशी? तिनं दोन्ही भोपळे एकाच बाजूला बांधले होते.

म्हैस पाण्यात डुंबायला आली होती. तिनं बघितलं. म्हणाली, “पाण्यात डोकाव, पोरी. तुझे कान कुठं आहेत?”

भुरकीनं डोकावलं. “एक इकडं. एक तिकडं.”

“मग भोपळे तसेच बांध.”

भुरकीनं एक इकडं बांधला. एक तिकडं बांधला. गाठ दातांनी ओढली. दोनदा ओढली.

सांगड निघाली. सरळ निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. तळ्याच्या मधोमध गेली. खाली मासोळी चमकली. भुरकीनं पंजा मारला, सपाक.

आई जेवली. अर्धी मासोळी भुरकीपुढं सारली. मग आईनं विचारलं, कशी गं आणलीस?

भुरकी सांगू लागली. “मावशीनं बगळा कापला. शेळी पाठीवरून उतरली. बाभळीला खाज सुटली. मग म्हशीनं भोपळा दिला.”

आईला काहीसुद्धा कळलं नाही. तिनं भुरकीला जवळ ओढलं आणि तिचे ओले कान चाटले. एक इकडचा. एक तिकडचा.

मासोळी पोटात गेली, गोष्ट काठाला लागली.