इंद्राचा दरबार आणि घरातला माठ

एका गावात एक चितारी राहत होता. त्याचं नाव रावजी. नाटक कंपन्यांसाठी तो पडदे रंगवायचा. राजवाडा, अरण्य, समुद्र, इंद्राचा दरबार, सांगाल ते. त्याचा समुद्राचा पडदा उघडला की पहिल्या रांगेतले लोक पाय वर घ्यायचे म्हणे. रावजीनं स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता. इंद्राच्या दरबाराचं तर विचारूच नका.

घरात तो आणि त्याची बायको वेणू, दोघंच. रावजीला घराचा भारी कंटाळा. "आमच्या घरात काढण्यासारखं आहे काय? एक माठ, एक पाटा, एक केरसुणी," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि वेणू ते आतून ऐकायची. जेवतानाही त्याची नजर ताटाच्या पलीकडे, कुठंतरी ढगांत असायची. आमटी अळणी असली तरी त्याला कळायचं नाही.

एकदा भर दुपारी त्याला तहान लागली. बघतो तर कोपऱ्यात माठ नाही.

"वेणू, माठ कुठं ठेवलास?"

"तुमच्या म्होरंच हाय की."

त्यानं डोळे चोळले. समोर नुसती भिंत. तेवढ्यात वेणू आली, कोपऱ्यात वाकली आणि डुबुक असा आवाज झाला. काहीच नव्हतं तिथून तिनं तांब्या भरून काढला आणि त्याच्या हातात दिला. पाणी गारेगार होतं.

दुसऱ्या दिवशी पाटा गेला. वेणूचे हात मागेपुढे होत, चटणी वाटल्याचा आवाज येई, आणि हातांखाली नुसती जमीन दिसे. मग केरसुणी गेली. वेणू रिकाम्या मुठीनं घर झाडायची आणि केर मुकाट्यानं दाराकडे सरकायचा. चूल गेली. उंबरा गेला, आणि रावजी त्याला येता-जाता ठेचकाळू लागला. पडद्यावरचा इंद्राचा दरबार मात्र त्याला खांबावरच्या नक्षीसकट दिसत होता.

आणि एका सकाळी भाकरी थापल्याचा आवाज आला. बांगड्या वाजल्या. परातीतला पिठाचा गोळा आपोआप फिरत फिरत भाकरीएवढा झाला. थापणारं कोणी नव्हतं.

"वेणू?"

"काय वो?" आवाज हातभर अंतरावरून आला.

रावजी भिंतीला टेकला.

त्याच दिवशी नाटक कंपनीचे मालक भाऊसाहेब दारात आले. "वहिनी, पाणी द्या बघू," असं म्हणून त्यांनी तांब्या घेतला आणि घटाघटा प्यायले. "माठाचं पाणी ते माठाचं पाणी!" मग ते रावजीकडे वळले. "रावजी, आमच्याबरोबर फिरतीवर चल. तंबूत राहा, दरबार रंगव. घराची कटकट नाही."

रावजीला कळून चुकलं. सगळ्यांना सगळं दिसत होतं. आंधळा झाला होता तो एकटाच, आणि तोही घरापुरता. बाहेर पडलो की सुटलो, असं त्याच्या मनात आलं. त्यानं कपडे पिशवीत कोंबलेसुद्धा.

तो दाराशी पोचला तेव्हा मागून आवाज आला. "भाकरी बांधून ठिवलीया. घेतलीत का?"

त्यानं मागं वळून पाहिलं. कुठं बघून उत्तर द्यावं, तेच त्याला कळेना. आत्ता गेलो तर ही आपल्याला पुन्हा कधीच दिसायची नाही, हे त्याला पक्कं समजलं. त्यानं पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही व्हा पुढं, भाऊसाहेब," तो म्हणाला.

मालक गेल्यावर त्यानं दरबाराचा पडदा उलटा करून जमिनीवर पसरला. कोऱ्या बाजूवर कोळशानं माठ काढायला बसला. सवयीनं हातून उतरला तो छान गोल गरगरीत माठ. राजवाड्यात शोभला असता. पण कोपरा रिकामाच राहिला.

मग तो गुडघ्यांवर रांगत कोपऱ्यात गेला आणि चाचपडू लागला. हाताला गार लागलं. माठ एका अंगाला कलला होता. काठाचा टवका उडाला होता. पोटावर सिमेंटचं ठिगळ होतं. रावजीनं टवका काढला, ठिगळ काढलं, कललेला माठ काढला. मान वर केली तर माठ समोर उभा होता. कुठं गेलाच नव्हता जसा.

पाटा, केरसुणी, चूल, उंबरा. चाचपून चाचपून त्यानं सगळं काढलं आणि सगळं परत आलं. उरली वेणू.

कोळसा हातात धरून तो नुसताच बसला. नाक कसं? कपाळ केवढं? एक रेघ उमटेना. पडद्यांवर त्यानं कितीतरी राण्या रंगवल्या होत्या, पण सगळ्यांची तोंडं कॅलेंडरवरून घेतलेली.

"वेणू, तू दिसतेस कशी गं?"

"मला काय इचारता? मी मला कुठं बघते? बघायचं काम तुमचं व्हतं."

त्यानं हात पुढं केला. बोटांना कपाळ लागलं. भुवईच्या वर एक जाड वण लागला.

"हे कधी लागलं?"

"तुमचे रंगाचे डबे माळ्यावरनं काढताना मी पडले व्हते. लई वर्सं झाली. त्या दिशीबी तुमास्नी वाढलं व्हतं मी."

रावजी ढसाढसा रडला. मग डोळे पुसून त्यानं तो वण काढला. हवेत आधी नुसता वण दिसू लागला. त्याला कपाळ नव्हतं. मग भुवई आली, मग डोळा. डोळा त्याच्याकडेच बघत होता. चेहरा भरत गेला तसतसा रावजीचा हात मंदावला. केस पांढरे होते. गाल आत गेलेले. अंतरपाट दूर झाल्यावर पाहिलेली ती मुलगी यात कुठंच नव्हती.

"बाई, आपण कोण?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

वेणू रागावली नाही. पदर सारखा करून ती दाराजवळ येऊन बसली.

"बघा नीट," ती म्हणाली. "अजून थोडा उजेड हाय."

तात्पर्य: जे रोज डोळ्यांसमोर असतं ते आपोआप दिसतं असं नाही, बघावं लागतं; म्हणून स्वर्ग रंगवायला निघालेल्यानं आधी आपल्या घरातल्या वस्तू पाहाव्यात, आणि त्याहीआधी घरातलं माणूस.