व्हॉक्रेचा दुसरा कान

घड्याळ बंद पडलं होतं, आणि तरी बाबा ते कानाशी धरून समाधानाने मान हलवत होते. ओदिलला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच.

स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरात, तळ्याकाठच्या व्हॉक्रे गावी, तयार घड्याळाचं झाकण कुणी एकट्याने लावत नाही. आधी ते दुसऱ्याच्या कानाशी धरतात. पाहुण्यांनी कारण विचारलं की गावातली वडीलधारी माणसं ओदिलची ही गोष्ट सांगतात.

फार जुनी आहे म्हणे. हिवाळ्यात वाटा बंद झाल्या की सारं गाव खिडक्यांशी घड्याळं घडवायला बसे. त्यात ओदिलचे वडील सामुएल यांचा हात सगळ्यांत हलका. केसाहून बारीक स्प्रिंग ते श्वास रोखून बसवत. ओदिल शेजारी बसून चाकं घासून चकचकीत करी, आणि नुसता चिमटा पडला तरी दचके. "जपून हं ओदिल, बाहेर बर्फ पडतोय," अशी शेजारणी तिची थट्टा करत.

त्या काळी घड्याळाची शेवटची परीक्षा कानाने व्हायची. टिकटिक लंगडते आहे का, हे ज्याला ऐकू येत नाही त्याने आपला कामाचा बाक सोडायचा, असा नियम होता. आणि बाक सोडला तर सामुएल यांच्या जगण्यात दुसरं काही उरत नव्हतं.

"बाबा, ते बंद आहे," ओदिल पाठीमागून म्हणाली. ते वळले नाहीत. झाकण लावलं, सहा घड्याळं गळ्यातल्या पेटीत ठेवली आणि पलीकडच्या काठावर द्यायला निघाले. तिथे बेर्त जाके नावाची म्हातारी साऱ्या गावाची घड्याळं तपासत असे. बाबा आपल्यावर रागावले, असं ओदिलला वाटलं. तिला नेहमी आधी तेच वाटायचं.

तळं गोठलेलं होतं आणि माणसं त्यावरूनच ये-जा करत. पण दोन दिवस कोमट वारा सुटला होता. बर्फ फुटण्याआधी कण्हतो, असं तिथे सांगतात. तो आवाज आला की असाल तिथून माघारी फिरायचं.

भर दुपारी तो आवाज आला. लांबलचक, तळ्याच्या पोटातून आल्यासारखा. ओदिलच्या हातातलं चाक निसटलं. खिडकीतून पाहते तर बाबा तळ्याच्या मधोमध, आणि चालतच आहेत. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. मग ते बंद घड्याळ, आणि महिनोन् महिने न मिळालेली उत्तरं, सगळ्याचा अर्थ तिला एकदम लागला.

ती जोडेही न घालता काठाकडे धावली. तीनदा "बाबा" म्हणून ओरडली. ते चालत राहिले. त्यांच्या मागे बर्फावर एक काळी रेघ उमटत होती.

काठावर चिटपाखरू नव्हतं. पलीकडच्या काठावर बेर्तचं दार तेवढं उघडं दिसत होतं. थांबवा त्यांना, एवढं म्हणून भागणार नव्हतं. तिथली माणसं हाकाच मारत बसली असती. खरं ते सांगायलाच हवं होतं, आणि सांगितलं की बाबांचा बाक गेला. बर्फ पुन्हा कण्हला.

"बाबांना ऐकू येत नाही," ती ओरडली. "हाका मारू नका. त्यांना दिसेल असं कुणीतरी समोर या."

तिने पुन्हा तेच सांगितलं, आवाज फाटेपर्यंत.

सामुएल त्यानंतर अकरा वर्षं आपल्या बाकावर बसले, असं सांगतात. आजही व्हॉक्रेत दुसरा माणूस "चालतंय" म्हणेपर्यंत झाकण लागत नाही, आणि कान गेलेल्याला कुणी ऊठ म्हणत नाही. ज्या उत्तरापासून हे सुरू झालं ते मात्र सांगणारा जरा थांबून, सावकाश सांगतो. बेर्त शिडी ढकलत बर्फावर आली, दोन्ही हात उंच करून तिने सामुएलना जागीच थांबवलं, शिडीवर पालथं झोपायची खूण केली, आणि शिडी त्यांच्या पायाशी सरकवल्यावर तळ्यापलीकडे ओरडून म्हणाली,

"ठाऊक आहे गं पोरी. पाच वर्षं त्यांची अडलेली घड्याळं मीच तर चालू करतेय."