शिकारीचं तळं

देवळाच्या खालच्या अंगाला हे जे लांबट तळं दिसतं, त्याला आमच्या खोलवणात शिकारीचं तळं म्हणतात. नवा माणूस हमखास विचारतो, इथे पाणी प्यायला वाघ येत असत का? तसं काही नाही. या तळ्यावर कधी कुणी बंदूक उडवली नाही, साधी मासळीसुद्धा कुणी धरत नाही. मग पाहुण्यांची नजर पलीकडच्या काठावर जाते. तिथे जांभ्या दगडाचा चौथरा आहे. बसायच्या पायऱ्या मात्र अलीकडे, आणि मध्ये पाणी. नाटकाचा चौथरा त्या तीरावर आणि माणसं या तीरावर, अशी रचना कुणी आणि का केली, याची गोष्ट सांगतात ती अशी.

फार पूर्वी खोलवणाला स्वतःची नाटकमंडळी नव्हती. देवीच्या जत्रेला बाहेरची दशावतारी कंपनी येई. एका वर्षी ती आलीच नाही. दशावताराशिवाय जत्रा झाली तर देवीचा कोप होईल म्हणून गाव घाबरलं. तेव्हा तातोबा सुतार पुढे झाला. त्याने तोंडाला हळद आणि काजळी फासली, घोंगडी पांघरली, शेजारच्या चार जणांना हाताला धरून ओढलं आणि कसंबसं आख्यान उभं केलं. लोक पोट धरधरून हसले. पण दुसऱ्या दिवशी देवीने उजवा, म्हणजे होकाराचा कौल दिला. तातोबाने ते मनावर घेतलं.

पहिल्या हंगामात राजाला आणि राक्षसाला मिळून एकच मुकुट होता. राजा आत गेल्याशिवाय राक्षस बाहेर येऊ शकत नसे, त्यामुळे दोघांची लढाई कधी झालीच नाही. एका गावाने त्यांना दिव्याला तेल दिलं नाही. दुसऱ्या गावात अर्ध्यावर लोक उठून गेले. पुढचा हंगाम बरा गेला, त्याच्या पुढचा त्याहून वाईट. पण मंडळी टिकली. दशावतारात लिहिलेलं काही नसतं. कथा ठरते, बोलायचं ज्याचं त्यानं. बोलून बोलून या माणसांची जीभ अशी तयार झाली की खाडीकाठची गावं आपणहून बोलावू लागली. कार्तिकात सोंगांचा पेटारा डोक्यावर घेऊन मंडळी निघत आणि उन्हं तापू लागली की परतत. परतताना वरच्या खिंडीत मृदंग वाजवत. तो ऐकला की गावातल्या बायका चुलीवर जास्तीचा भात चढवत.

त्या बायकांत एक होती द्वारका. तिचा नवरा गुणाजी राणीचं काम करी. दिवसा नांगर धरणारा माणूस, पण तिचं लग्नातलं हिरवं लुगडं नेसून उभा राहिला की बायकांनीसुद्धा पदर सावरायला त्याच्याकडे बघून शिकावं. आख्यानाची तयारी तो गोठ्यात करायचा. द्वारका जात्यावर बसलेली असायची आणि राजाचं, प्रधानाचं बोलणं त्याला पुरवायची. राणीचं तर तिला सगळंच येत होतं. पण बाईने सोंगाचं बोलणं चारचौघांत बोलायची रीत नव्हती.

मग तो हंगाम आला. खाडीकाठच्या गावांत ताप शिरल्याची बातमी आली. तसला ताप कुणी पाहिला नव्हता. डोळे लाल होत, जीभ जड होई आणि माणूस हां हां म्हणता जाई. खोलवणाने वाटांवर काट्यांची कुंपणं घातली. मीठ विकायला आलेल्या म्हाताऱ्याला दगड मारून परत पाठवलं. शेजारी शेजाऱ्याकडे विस्तव मागेना. घरात कुणी खोकलं तर सगळे खोकणाऱ्याकडे बघत. आणि सगळ्यांच्या मनात एकच विचार होता, जो कुणी तोंडाने काढत नव्हतं. मंडळी त्याच गावांत होती.

एका दुपारी खिंडीत मृदंग वाजला.

त्या दिवशी कुणी भात चढवला नाही. पुरुषांनी हातात दगड घेतले. सगळ्यांच्या पुढे होता विसू गावकर. त्याचा एकुलता मुलगा जयराम मंडळीत राजाचं काम करी. तरी विसूच्या हातातही दगड होता. म्हणाला, "पाणी ओलांडून जो येयत, तो माझो झील असलो तरी..."

पण दगड मारायची वेळच आली नाही. मंडळी पलीकडच्या काठावर आपणहून थांबली. तातोबाने पेटारा खाली ठेवला आणि ओरडून सांगितलं, "थंयच थांबा! आमच्यात ताप आसा. देवीन उजवो कौल दिल्याशिवाय ह्यो पेटारो पाणी ओलांडूचो नाय."

अलीकडून बायकांनी एकच आकांत केला. कुणाला? कुणाला ताप? नाव सांग!

"नाव सांगलंय तर तुमच्यातलो कोणतरी पाण्यात उडी मारून पवत येतलो," तातोबा म्हणाला. "नाव सांगूचंय नाय. रोज तिनसांजेच्या आधी आमी सोंगा घेवन हयसर उभे रवतलंव. जो दिसतलो, तो जितो आसा म्हणून समजा."

तळ्याच्या टोकाच्या खडकावर पेजेची मडकी ठेवायची, गावाने मागे फिरायचं, मग मंडळीने ती उचलायची, असं ठरलं. आणि ऊन तिरपं झालं की पलीकडच्या कातळावर खेळ सुरू व्हायचा. मागे दोन झाडांना एक जुनं लुगडं पडद्यासारखं बांधलेलं असे. पहिल्या दिवशी सगळे आले. राजा आला, राणी आली, प्रधान झालेला तातोबा आला, राक्षस आला, नारदही आला. अलीकडे लोक रडत होते आणि हसतही होते.

काही दिवस असेच गेले. मग एका सांजेला मृदंग वाजला, राजाच्या प्रवेशाची लय धरली गेली, पडदा हलला, आणि बाहेर आला नारद. राणी झालेल्या गुणाजीने विचारलं, "मुनिवर, महाराज कुठे आहेत?"

नारदाने अलीकडच्या काठाकडे पाहिलं. मग म्हणाला, "राणीसाहेब, महाराज मृगयेस गेले आहेत. वन घनदाट आहे. वाट पाहू नये."

विसू गावकर उठला. मंडळी परतली त्या दुपारपासून त्याच्या कनवटीला तो दगड होता म्हणे. तो त्याने काढला, पाण्यात सोडला आणि खेळ संपेपर्यंत उभाच राहिला. दुसऱ्या दिवशी डोंगराआडून धूर दिसला.

त्यानंतर दिवसभर गाव जगायचं ते फक्त त्या सांजेच्या धास्तीत. द्वारकेच्या हाताची भाकरी तव्यावर करपायची. ऊन उतरू लागलं की ती उठायची. सासूला हाताला धरून ती काठावर आणी. म्हातारीला दिसत नव्हतं. लय बदलली की म्हातारीची बोटं द्वारकेच्या मनगटात रुतत.

"इलो गो?"

"इलो."

"पाय बरे पडतत मां त्याचे?"

"बरे पडतत."

मग राक्षस शिकारीला गेला. राक्षस कधी शिकारीला जात नाही, पण कुणी हसलं नाही. मग झांज वाजवणारा गेला. मग नारद. ज्याने दुसऱ्यांची बातमी द्यायची त्याचीच बातमी प्रधानाने दिली. पलीकडे माणसं कमी होत होती तसं आख्यान वाकत होतं, कथा तुटू न देता ते उरलेल्यांवर सगळा भार घालत होते. शेवटी राणी, प्रधान आणि मृदंगवाला फटू एवढेच उरले.

आणि एका सांजेला राणी आली. हिरवं लुगडं, तोंडाला रंग, नाकात नथ. लोकांनी सुस्कारा सोडला. द्वारका बघत राहिली. राणीने डाव्या हाताने पदर धरला होता.

गुणाजी पदर उजव्या हाताने धरत असे. जातं ओढता ओढता द्वारकेने तो हात इतक्यांदा पाहिला होता की तिथे चूक होणं शक्य नव्हतं. लुगडं तिचं होतं, आतला माणूस तिचा नव्हता. त्या दिवशी प्रधान आलाच नव्हता. लोकांना वाटलं तातोबा गेला. द्वारकेला कळलं की तातोबाच राणी झाला आहे.

शेजारी म्हातारी होती. म्हातारीने विचारलं, "इलो गो?"

द्वारकेने ओठ दातांखाली धरले. रक्ताची चव आली. मग ती म्हणाली, "इलो."

रात्र तिने कशी काढली हे कुणी विचारू नये. सकाळी ती देवळात गेली आणि देवीला म्हणाली, "माजो गेलो. जे उरलेत ते ठेव. ह्या बदल्यात तू सांगशीत ता करीन."

त्या सांजेला गाव काठावर जमलं. पलीकडे मृदंग वाजू लागला. राणीच्या प्रवेशाची लय होती. पडदा हलला. कुणी आलं नाही. लय पुन्हा फिरून आली. पुन्हा कुणी आलं नाही. रिकामा कातळ, हलणारं लुगडं आणि तो मृदंग. अशी भीती खोलवणाने त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिली नाही, असं सांगतात. लोक मागे सरकू लागले. कुणी म्हणालं, संपले सगळे. कुणी म्हणालं, हे वाजवतंय ते माणूस नव्हे, पळा.

द्वारका उठली. पाण्यात गुडघाभर गेली. आणि बाईने चारचौघांत कधी बोलू नये ते बोलणं तिच्या तोंडातून खणखणीत बाहेर पडलं, "प्रधानजी! आमचं सगळं राज्यच शिकारीला गेलं का? दरबारात उत्तर द्यायला कुणीच उरलं नाही का?"

तळ्यावरून आवाज गेला. मृदंग थांबला. मग पडद्यामागून क्षीण आवाज आला.

"आहे, राणीसाहेब. सेवक आहे."

"मग उभे राहून बोला. राणीपुढे आडवं पडून बोलायची रीत नाही."

पडदा दोन्ही हातांनी धरून तातोबा उभा राहिला. तापाने तो लटपटत होता. सोंग घेतलेलं नव्हतं, तोंडाला रंग नव्हता. पण नाटकवाल्यासमोर बोलणं टाकलं की ते त्याला उचलावंच लागतं. मरताना पाणी नाकारील, पण समोरच्याचं वाक्य तो खाली पडू देणार नाही. द्वारका विचारत गेली, तो उत्तर देत गेला. राज्यात पाऊस किती, गोठ्यात गाई किती, प्रजा जेवली का? तो बसू लागला की ती दरडावून विचारी. तळ्यावरचं ऊन गेलं, या काठावर पणत्या लागल्या, तेव्हा ती म्हणाली, "उद्या दरबार आहे. हजर राहायचं." तातोबा म्हणाला, "आज्ञा." आणि दुसऱ्या दिवशी तो हजर राहिला. तिसऱ्याही दिवशी.

ताप उतरला. गावात एकालाही त्याची बाधा झाली नाही. फटूही वाचला, आणि तो पुढे मरेपर्यंत शपथेवर सांगायचा, की त्या सांजेला मृदंग त्याने वाजवलाच नव्हता. तो पडद्यामागे ग्लानीत पडला होता, हात सुजून भोपळे झाले होते. मग कुणी वाजवला? खोलवणात या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, फक्त देवळाच्या दिशेने हात जोडतात.

द्वारका पहिल्यांदा पाण्यात उतरून बोलली, त्याच सांजेला ती म्हातारीला घेऊन घरी आली, तेव्हा अंगणात म्हातारी थांबली. म्हणाली, "कालचो आवाज माझ्या झिलाचो नव्हतो गो. तू कोसळशीत म्हणान मी गप रवलंय." दोघी तिथेच तुळशीपाशी बसल्या आणि मग रडल्या.

कौल उजवा झाला तेव्हा तातोबा पाणी ओलांडून पहिला द्वारकेच्या दारात आला. ती म्हणाली, "पदर तुमी डाव्या हातान धरल्यात. ते उजव्यान धरीत." तो खाली बसला. ती म्हणाली, "कार्तिकात मंडळी निघाक होयी."

"कोणाक घेवन निघू?" तातोबाने विचारलं. "आमी दोघेच."

तेव्हा विसू गावकर पुढे आला असं सांगतात. म्हातारपणी, पाठ वाकलेली, जन्मात कधी तोंडाला रंग न लावलेला माणूस. त्याने मुलाचं काम मागितलं. त्या हंगामात खोलवणाचा राजा बोलताना अडखळायचा आणि सिंहासनावरून उठताना त्याला दोघांचा आधार लागायचा. पण कुठल्याच गावात कुणी अर्ध्यावरून उठून गेलं नाही. पुढच्या वर्षी आणखी माणसं आली. हळूहळू मंडळी पूर्वीसारखी झाली, मग पूर्वीहून मोठी. त्या कातळावर चौथरा तातोबाने बांधून घेतला, तो द्वारका हयात असतानाच.

आजही मंडळी हंगामाला निघण्याआधी पहिला खेळ पलीकडच्या चौथऱ्यावर करते, ऊन असतानाच. त्यात एक जागा येते. मृदंग राणीच्या प्रवेशाची लय धरतो, पडदा हलतो आणि कुणी येत नाही. मग अलीकडच्या पायऱ्यांवरून बायकांपैकी एक उठते आणि राणीचं बोलणं बोलते. कोण उठणार हे आधी ठरवत नाहीत. आता मंडळीत मुंबईहून सुट्टी काढून आलेली मुलं असतात, ध्वनिक्षेपक असतो, समोर मोबाईल धरलेले पाहुणे असतात. कुणालाही काही होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी पडदा हलला की या काठावरची बाई आधी सोंगाकडे बघत नाही. ती आपलं माणूस शोधते, आणि ते दिसेपर्यंत श्वास धरून ठेवते.